सतरा नंबरचे प्रश्न

ओदुमक्रोमच्या शाळेत शेजारच्या वर्गातून छडीचा आवाज यायचा आणि बिरागो मॅडमच्या वर्गातून हसण्याचा. अठ्ठावीस वर्षं त्या सहावीला विज्ञान शिकवत होत्या आणि एवढ्या काळात एकदाही त्यांनी छडी हातात धरली नव्हती. त्याचा त्यांना कोण अभिमान! "मारून शिकवायला अक्कल कशाला लागते?" त्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. "पोरं हसली पाहिजेत. हसणारं पोर शाळा बुडवत नाही." खोटं नव्हतं ते. मॅडमच्या वर्गात हजेरी भरगच्च असायची. एकदा एका पोराने उठून विचारलं होतं, "मॅडम, बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी का असते?" मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारखे आडवे लोक ओळखायला रे!" सगळा वर्ग लोटपोट. तो पोरगाही हसला आणि खाली बसला.

अशा या आनंदी वर्गात जानेवारीत एक मशीन आलं. वाळवंटाकडून येणारा हरमटानचा वारा सुटला होता, जिकडेतिकडे धूळ. छपरावर सूर्याच्या उजेडावर चालणारी एक पाटी बसली आणि वर्गाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर पडदा नि कीबोर्ड. राजधानी आक्राहून आलेल्या माणसांनी एक्केचाळीस मुलांना एक्केचाळीस नंबर वाटले. आपला नंबर टाकायचा, प्रश्न टाइप करायचा, की पडद्यावर उत्तर. झालं. माणसं गाडीत बसून निघून गेली.

मॅडमनी धूळ बसू नये म्हणून मशीनवर आपलं एक छापील कापड टाकलं आणि मुलांना दम भरला. "हे बघा, ह्याला सगळं येतं. माझ्यापेक्षा जास्त येतं. तेव्हा दरबारात गावच्या नानांसमोर बोलता तसं नीट बोलायचं. वात्रटपणा केलात तर रुसून बसेल, मग मी नाही समजूत घालायची!" मुलं हसली. त्या दिवसापासून गावच्या राजासारखं मशीनचंही नाव पडलं नाना.

मधल्या सुट्टीत मुलं नानांपाशी जातात, शाळा सुटल्यावरही जातात, हे मॅडमना ठाऊक होतं. वर्गाच्या दाराशी चपलांची ओळ लागलेली दिसायची. पोरं आपणहून चपला काढून आत जातात, वर्ग घाण करत नाहीत, म्हणून मॅडमनी दोनदा त्यांची पाठ थोपटली होती. बाकी लक्ष घालायला वेळ कुणाला होता?

एप्रिलमधल्या एका सोमवारी आक्राहून पाकीट आलं. हेडमास्तर आदोमाकोंनी ते फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि मॅडमना बोलावून घेतलं.

"बिरागो, तुझ्या वर्गात एक हिरा आहे," ते म्हणाले, "आणि चाळीस दगड."

"काय बोलता?"

"मी नाही बोलत, कागद बोलतो. सतरा नंबरने चार महिन्यांत दोनशे बारा प्रश्न विचारलेत. बाकीच्यांनी किती, माहितीये? शून्य. चाळीसच्या चाळीस भोपळे. शेत लावलंस का काय भोपळ्याचं?"

मॅडमनी कागद हिसकावून घेतला. सतरा नंबर म्हणजे पोकुआ. ट्रोट्रो या वडाप गाड्यांच्या स्टेशनात सकाळी बाजरीची लापशी विकणाऱ्या बाईची मुलगी, तिसऱ्या बाकावर बसणारी. वर्गात एवढी गप्प, की मॅडम तिला "आमची मुकी राणी" म्हणायच्या. आणि हिने दोनशे बारा प्रश्न विचारले? आता बोला!

पाकिटात एक पत्रही होतं. कुमासीच्या मुलींच्या निवासी विज्ञानशाळेत या जिल्ह्यासाठी एकच जागा आहे. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, सगळं त्यांच्याकडून. अकरा शाळांत मशीनं बसवलीत आणि त्यांत सगळ्यात पुढे आहे ओदुमक्रोमचा सतरा नंबर. गुरुवारी आमचे मिस्टर झोकोटो येतील, मुलीला मशीनपुढे बसवतील आणि तिचे स्वतःचे प्रश्न ऐकतील. त्यांची खात्री पटली तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या शाळेची.

मॅडमना आनंदाने काही सुचेना. कुमासीची ती शाळा! तिथून निघालेल्या मुली डॉक्टर होतात, इंजिनीयर होतात, आणि पुढल्या वर्षी तिथल्या बाकावर आपली मुकी राणी बसणार. पत्रासोबत दोनशे बारा प्रश्नांची यादी होती. मॅडम ती घेऊन कडुनिंबाखाली बसल्या आणि जेवायचं विसरल्या.

*कोकोच्या बिया केळीच्या पानांखाली सहा दिवस झाकून ठेवल्या की गरम होतात. विस्तव कुठेच नसतो. मग ही ऊब आणतं कोण?*

*मी आणि माझी मैत्रीण एकाच वेळी उलट दिशांना चालत निघालो, तर चंद्र कोणाबरोबर जातो?*

*आजी दात काढून पाण्याच्या पेल्यात ठेवते. पेल्यात ते मोठे दिसतात, माझं बोट घातलं तर तेही मोठं दिसतं. हे काम पाण्याचं, की पेल्याचं, की माझ्या डोळ्यांचं?*

*जन्मापासून जो आंधळा आहे, त्याला स्वप्न पडतं तेव्हा स्वप्नात काय असतं?*

*गोलकीपर कुठल्या बाजूला उडी मारायची हे चेंडू सुटल्यावर ठरवतो, की आधीच ठरवून उगीच वाट बघतो?*

मॅडम वाचत होत्या आणि मध्येच "अगं बाई!" म्हणत होत्या. हे कसले प्रश्न! पुस्तकात यातला एकही नव्हता. पण सातव्या पानाशी त्या अडखळल्या. पोकुआची आजी पोकुआच्या जन्माआधीच गेली होती. मग पेल्यातले दात कुणाचे? यांच्याकडे कोकोचं एक झाड नाही. आणि ही पोरगी फुटबॉलच्या मैदानाकडे फिरकलेली कुणी पाहिली होती?

मंगळवारी आणखी एक नवल झालं. मॅडम उष्णता शिकवत होत्या. "उष्णता कशाकशातून मिळते?" त्यांनी विचारलं. ऊन, चूल, दिवा अशी उत्तरं यायची असतात. मागच्या बाकावरचा बोआतेंग उभा राहिला. हा पोरगा वर्गात यायचा तो बहुधा डुलकी काढायला.

"बारीक जीवांतून मिळते, मॅडम. कोकोच्या गराचा गोड चीक ते खातात. त्यांच्या खाण्याने ऊब येते."

मॅडमचे डोळे विस्फारले. "हे तुला कोणी सांगितलं?"

"नानांनी."

"तू कधी विचारलंस? तुझ्या नंबरापुढे तर भोपळा आहे!"

"मी थेट कसा विचारणार, मॅडम? ते आमचं..."

"का रे, तोंड घरी विसरून येतोस?" मॅडम हसल्या, वर्ग खदखदला. बोआतेंगही हसला आणि खाली बसला. त्याचं वाक्य पुरं व्हायचं राहिलं, हे मॅडमच्या लक्षातही आलं नाही.

पण त्यांना चैन पडेना. त्यांनी वर्गाला आणखी चार-पाच गोष्टी विचारून पाहिल्या. चंद्राचं काय, आंधळ्याच्या स्वप्नाचं काय? ज्याला विचारावं त्याला येत होतं! भोपळेवाल्यांना उत्तरं येतात कुठून? शाळा सुटल्यावर त्यांनी पोकुआला थांबवून घेतलं, कुमासीच्या जागेचं आणि गुरुवारचं सांगितलं.

"हे प्रश्न तुझेच ना गं?"

पोकुआने यादीकडे बघितलं. "माझ्या नंबरावरून गेलेत, मॅडम."

"मी काय विचारलं आणि तू काय सांगतेस?"

"तेच सांगतेय, मॅडम," ती नम्रपणे म्हणाली, गुडघ्यात किंचित वाकली आणि निघून गेली. वकिलाच्या वर आहे ही, मॅडम मनात म्हणाल्या.

बुधवारी मधल्या सुट्टीची घंटा झाली, तशा मॅडम शिक्षकांच्या खोलीत न जाता गुपचूप सामानाच्या खोलीत शिरल्या. तिथल्या खिडकीच्या फटीतून इकडे कडुनिंब आणि तिकडे वर्गाचा कोपरा, दोन्ही दिसायचं, बोलणंही ऐकू यायचं. बावन्नाव्या वर्षी झाडूंच्या गठ्ठ्यावर बसून पोरांवर पाळत ठेवायची म्हणजे शोभा होती. पण उत्सुकता माणसाला कुठे कुठे बसवते.

पोकुआ झाडाखाली उभी होती. तिच्या हातात फळ्यावर दाखवायची लांब काठी होती आणि काठीच्या टोकाला टोमॅटोचा रिकामा डबा उलटा बसवलेला. तो सोनेरी डबा पाहिला आणि मॅडमच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओच्यामे! गावच्या दरबारात नानांशी कुणी तोंडाने थेट बोलत नाही. शेजारी सोन्याच्या मुठीची काठी घेऊन ओच्यामे उभा असतो. जे काय सांगायचं ते त्याला सांगायचं, तो ते नीट शब्दांत नानांच्या कानावर घालतो, आणि नानांचं उत्तरही त्याच्याच तोंडून यायचं. मॅडम म्हणाल्या होत्या ना, नानांसमोर बोलता तसं बोला? मग पोरांनी तसंच केलं होतं. पहिल्याच दिवशी आपली ओच्यामे निवडून मोकळी झाली होती. चपला काढून आत जायचं तेही म्हणूनच. वर्गाच्या स्वच्छतेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

मुलं एकेक करून पुढे येत होती.

"मला विचारायचंय," न्तिरिवा नावाची एक बारकी पोरगी म्हणाली, "की पाव का फुगतो."

"फुगतो हे तुला कळलंय. कळत नाही ते काय?" पोकुआने विचारलं.

न्तिरिवाने डोकं खाजवलं. "आत भोकं असतात ना, ती रिकामी असतात का?"

"तू फोडून बघितलंस?"

"हो. काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं, तर मग पीठ बाजूला ढकललं कोणी? हे विचारू?"

"हां, हेच! हेच मला विचारायचं होतं."

मॅडमनी तोंडावर पदर धरावा तसा हात धरला. ती पोर दुसऱ्याच्या पोटातला प्रश्न बाहेर काढत होती. अख्खाच्या अख्खा, आणि जिचा होता तिला तो ओळखू यावा असा.

"मॅडमचं वय किती ते विचार ना," बोआतेंग म्हणाला.

"हे नानांच्या कानावर घालण्याजोगं नाही," पोकुआने काठी आपटली आणि सगळी खिदळली.

मग चपला निघाल्या. दोघांनी कापड उचललं. पोकुआने उभ्यानेच, अदबीने वाकून, सतरा नंबर टाकला आणि प्रश्न टाइप केला. उत्तर वाचलं, दोनदा वाचलं, आणि बाहेर येऊन झाडाखाली गावच्या ट्वी भाषेत सांगायला लागली. "नाना म्हणतात, पिठात घातलेलं यीस्ट जिवंत असतं..." चाळीस पोरं पायांवर बसून ऐकत होती. कुणाला नाही कळलं तर ती तिसऱ्यांदा सांगत होती, वेगळ्या शब्दांत. हिने एकही प्रश्न कुणाचा उडवून लावला नव्हता, मॅडमच्या वयाचा सोडून.

झाडूंच्या गठ्ठ्यावर मॅडम हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आक्राची एवढी शहाणी मंडळी, एवढं शहाणं मशीन, आणि चार महिने दरबारात बसून त्याला पत्ता नाही! आणि मग एकदम त्यांना आठवलं. उद्या गुरुवार. उद्या तो माणूस येणार आणि या मुलीला म्हणणार, बाळ, तुझे स्वतःचे प्रश्न विचार.

त्यांनी पोकुआला त्याच खोलीत बोलावलं. "मी सगळं बघितलं," त्या म्हणाल्या. "दोनशे बारांत तुझा एक तरी आहे का?"

"नाही, मॅडम."

"एकही नाही?"

"ओच्यामे आपलं बोलत नसतो. आपलं बोलला तर दुसऱ्यांचं कसं खरं वाटेल?"

"अगं माझे आई, कुमासीची जागा आहे! उद्या तुला एकटीला विचारायचंय. हे बघ, आजचे पाच-सहा प्रश्न लक्षात ठेव. न्तिरिवाचा पावाचा किती सुरेख आहे. उद्या तो तुझा म्हणून विचार. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," पोकुआ म्हणाली. "तो न्तिरिवाचा आहे."

"तुला जायचंय का नाही कुमासीला?"

"जायचंय." हे मात्र तिने लगेच सांगितलं. "मला खूप जायचंय, मॅडम. पण काय विचारायचं तेच सापडत नाही. मी काल रात्रीपासून शोधतेय. सगळ्यांचे सापडतात, माझाच नाही."

मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला घरी पाठवलं.

गुरुवारी सकाळी त्या शाळेच्या आधी स्टेशनात गेल्या. पोकुआची आई, आंटी ड्वेने, मोठ्या पातेल्यातून लापशी वाढत होती. गिऱ्हाइकांची झुंबड होती.

"मॅडम, या! आल्याची घालू का, तिखट?"

"लापशी राहू दे. पोकुआ घरी काही विचारते का गं तुला? हे असं का, ते तसं का?"

"ती? छे! पण इथे ड्रायव्हर नि पैसे गोळा करणारे मेट भांडले की तिलाच बोलावतात. दोघांचं ऐकून घेते आणि मग असं काही सांगते, की दोघांनाही वाटतं आपलंच खरं. परवा त्या लंगड्या मेटची नोकरी वाचली हिच्यामुळे."

"आणि तिला स्वतःला काय हवं असतं?"

आंटी ड्वेनेचा पळा हवेतच थांबला. मागचा माणूस वाडगा पुढे करून ताटकळत राहिला. "हे मी कधी तिला विचारलंच नाही बाई," ती म्हणाली.

मिस्टर झोकोटो दहा वाजता आले. उंच, तरुण, शहरी बूट तांबड्या मातीने माखलेले. मॅडमनी रात्रभर मनाशी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण समोर पोकुआ उभी होती, तिने खोटं बोलायला नकार दिला होता, आणि आपण या वयात तिच्यापेक्षा लहान कसं व्हायचं? त्यांनी सगळं सांगून टाकलं, काठीसकट, डब्यासकट.

झोकोटो आधी बघतच राहिले, मग मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे आमच्या नोंदींत सतरा नंबर हे एक मूल नाहीच! अहो, माझ्या लग्नाची मागणी घालायला गेलो तेव्हा मीसुद्धा तोंड उघडलं नव्हतं. आमच्या बाजूने बोलणाऱ्या काकूंनीच सगळं जमवलं. आणि आम्ही ऑफिसात बसून म्हणतोय, चाळीस मुलं मशीनला हातच लावत नाहीत, काय झालंय यांना?" मग ते गंभीर झाले. "मशीन इथेच राहील, मॅडम, त्याची काळजी सोडा. उलट बाकीच्या शाळांना हे दाखवायला हवं. पण जागेचं वेगळं आहे. कुमासीत हिच्यामागे चाळीस जण नसणार. तिथे हिला स्वतःसाठी विचारावं लागेल. मला एक प्रश्न पुरे. फक्त एक. पण तो हिचा हवा."

वीस मिनिटं ठरली. पोकुआ मशीनपुढे खुर्चीवर बसली. आज पहिल्यांदाच ती तिथे बसत होती. झोकोटोंनी सतरा नंबर टाकला. पडदा पांढरा झाला आणि रेघ लुकलुकायला लागली.

बाकीची पोरं बाहेर पिटाळली होती, पण खिडकीत डोकीच डोकी. बोआतेंग आवाज न काढता नुसत्या ओठांनी काहीतरी सांगत होता. न्तिरिवा आपल्याकडे बोट दाखवत होती, माझा घे, माझा घे. पोकुआने तिकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तिची बोटं कीबोर्डवर होती आणि एकही अक्षर उमटत नव्हतं. कपाळावर घाम आला होता. एवढी हुशार पोर, आणि आता एका प्रश्नावाचून जागा हातची जाणार! पंधरा मिनिटं झाली. मॅडमना राहवेना. पोरीचा ताण हलका करायला त्यांनी आपल्यापाशी होतं तेच बाहेर काढलं.

"अगं मुके राणी, विचार की! नाना काय चावतात?" आणि त्या खळखळून हसल्या. खिडकीतली पोरंही हसली.

पोकुआ हसली नाही. तिने बोटं कीबोर्डवरून उचलली, खुर्चीत वळली आणि मॅडमकडे बघितलं.

"मॅडम, तुम्हाला एक विचारू?"

"विचार ना!"

"आम्ही काही विचारलं की तुम्ही आधी हसता. का?"

सवयीने मॅडमच्या गळ्याशी हसू आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते येताना जाणवलं. तोंड उघडं राहिलं आणि आवाज बाहेर पडला नाही.

पोकुआ घाबरली होती. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. पण तिने नजर काढून घेतली नाही. "तुम्ही रागवत नाही," ती हळू म्हणाली. "मारत पण नाही. आम्हाला तुम्ही आवडता. पण तुम्ही हसलात की सगळे हसतात, मग विचारणाराही हसतो आणि खाली बसतो. म्हणून सगळे माझ्याकडे यायला लागले. हे का होतं, ते मला कळत नाही. हा माझा आहे, मॅडम. हा कुणी सांगितलेला नाही."

झोकोटोंनी घड्याळ बघितलं, मग पडदा बघितला. वेळ संपली होती. सतरा नंबरपुढे आजच्या तारखेला शून्य लागलं होतं.

ते थोडे खाकरले. बॅगेतून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "मशीनवर काही नाही आलं," ते म्हणाले. "तसं झालं तर हा फॉर्म असतो. मुलीचा प्रश्न शिक्षकाने आपल्या अक्षरात लिहायचा. खाली शिक्षकाचा शेरा, सही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, हा कागद जिल्ह्याच्या ऑफिसात जातो, तुमचे साहेब लोक वाचतात. तुम्हाला हवं तर शब्द थोडे इकडेतिकडे करा. 'शिक्षक का हसतात', असं मोघम. म्हणजे तुमच्यावर यायचं नाही."

मॅडम कागदापुढे बसल्या. अठ्ठावीस वर्षांत किती पोरं हसत हसत खाली बसली असतील? दरवर्षी चाळीस धरली तरी हजाराच्या वर. आणि आपण शिक्षकांच्या खोलीत बढाया मारत होतो. त्यांना शरम वाटली. इतकी की कान गरम झाले. शब्द इकडेतिकडे करणं सोपं होतं. पण काल झाडाखाली त्यांनी बघितलं होतं, न्तिरिवाचा प्रश्न न्तिरिवाला ओळखू येईल असाच आत गेला होता.

त्यांनी पेन उचललं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: *बिरागो मॅडम, आम्ही काही विचारलं की तुम्ही आधी हसता. का?*

खाली 'शिक्षकाचा शेरा' असा रकाना होता. तिथे मुलगी होतकरू आहे, कष्टाळू आहे, असं लिहायचं असतं. मॅडम तिथे थबकल्या. खरंच, का हसत होतो आपण? विज्ञान त्यांनी पुस्तकातून पाठ केलं होतं. जेवढं पुस्तकात तेवढं येत होतं. पोरं विचारायची ते पुस्तकाच्या बाहेरचं. बकरीच्या डोळ्याचं उत्तर त्यांना तेव्हाही येत नव्हतं आणि आजही नाही. हशा पिकला की दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. एवढं साधं होतं ते, आणि ते बघायला अठ्ठावीस वर्षं लागली.

त्यांनी लिहिलं: *कारण मला उत्तर येत नसे.* आणि खाली सही केली.

झोकोटोंनी कागद वाचला. पोकुआनेही वाचला, उलट्या बाजूने, ओठ हलवत. झोकोटोंनी तो बाकीच्या कागदांत न घालता घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. "पत्र सोमवारी येईल," ते म्हणाले. "पण हिच्या आईला आत्ताच सांगून ठेवा. कुमासीला जाताना गारीचं पीठ आणि शितोची चटणी भरायला कुलपाची पेटी लागते. चांगला सुतार बघा."

पोकुआने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खिडकीत एकच गोंधळ उडाला. पोरांनी मॅडमना लिहिताना बघितलं होतं, पण अक्षरं कुणालाच दिसली नव्हती.

"पोकुआ! ए पोकुआ! मॅडमनी काय उत्तर लिहिलं? सांग ना!"

पोकुआ उठली. पाय चपलांकडे निघालेही होते. मॅडमनी तिचा हात धरला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "हे त्यांना माझं मलाच सांगू दे."

आणि त्या बाहेर कडुनिंबाखाली गेल्या.